सहा भोकांचा पट्टा

मी एक जुना नवारीचा पट्टा आहे. माझा रंग विटला आहे, कडा झिजल्या आहेत आणि कुणी नाकाजवळ नेलं तर कुत्र्याचा वास येतो. तरी मित्रांनो, मी मान वर करूनच बोलणार, कारण आमच्या बगीच्यात माझ्याइतकं काम दुसऱ्या कोणत्याच वस्तूनं केलेलं नाही.

माझं कुळ साधं आहे. चांदूर बाजारपासून थोड्या अंतरावर रामरावांचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथल्या खाटेवर मी नवार म्हणून पंधरा वर्षं काढली. रामराव दुपारी माझ्यावर आडवे होत, नात दामिनी माझ्यावर बसून गृहपाठ करी. त्यामुळे पुढे जे घडलं ते सगळं मी जागेवरून पाहिलं आहे.

रामराव म्हणजे हाडाचे बैलवाले. त्यांचा सर्जा बैल म्हातारा होऊन गेला, ट्रॅक्टर आला, पण सर्जाची पितळी घुंगरमाळ त्यांनी घासूनपुसून खुंटीवर जपून ठेवली होती. मग बगीच्यात वांदरांचा सुळसुळाट झाला आणि राखणीला गुंड्या नावाचं सहा महिन्यांचं कुत्रं आणलं. रामरावांनी काय करावं? बैलाची ती माळ दुहेरी करून कुत्र्याच्या गळ्यात घातली. त्यांच्या घरात जनावराचा मान असाच करायची रीत होती. माळ घालताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, म्हणून घरच्यांनीही ती तशीच राहू दिली.

गुंड्या मात्र बसला तो बसलाच. वांदरं झाडावर बसून संत्री सोलत आणि सालं त्याच्या अंगावर टाकत. तो फक्त बघायचा. जेवायलाही मान खाली घालत नव्हता. अंगात काही उरलं नव्हतं त्याच्या.

"कुत्रं नाही हे, पोतं हाये," रामराव चिडून म्हणाले. "रविवारी शेखर येऊन राहिला नांदगाव पेठेवरून. त्याच्यासंग धाडून देतो. त्याले पाहिजे होतं एखादं."

शेखर म्हणजे त्यांचा भाचा. दामिनीनं ते ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. गुंड्याला कुशीत घेऊन ती माझ्यावर कितीतरी वेळ बसून होती.

गुरुवारी तिच्या आईनं, जमुनाबाईनं, गुंड्याला आंघोळ घालायला माळ काढली. पाणी अंगावर पडताच पठ्ठ्या हातातून निसटला आणि साऱ्या बगीच्याला दोन चकरा मारून आला. जमुनाबाई हसून हसून बेजार. माळ परत गळ्यात पडली आणि तो पुन्हा जमिनीला चिकटला. दामिनीच्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला.

"आबाजी, तो आळशी नाही. हलला का घुंगरू त्याच्या कानाखाली वाजते. त्याले भेव वाटते, म्हणून तो हालतच नाही."

"सर्जा तर नाही भ्याला कधी."

"सर्जा बैल होता, आबाजी."

रामरावांना ते लागलं. ते एवढंच म्हणाले, "माझ्या घरचं जनावर भुंड्या गळ्यानं नाही फिरणार," आणि उठून गेले.

पोरगी हुशार. भुंडा गळा चालत नाही ना, मग दुसरं काहीतरी घालू! तिनं दोऱ्यानं गुंड्याचा गळा मोजला, गाठ मारली आणि शनिवारी चांदूर बाजारात गेली. तिनं नंतर सांगितलं, दुकानात पट्टे पुष्कळ होते. चमकीचे, खिळ्यांचे, गुलाबी. निम्म्यांना घुंगरू आणि बाकीचे एवढे कडक की हातालाच टोचत. ती तशीच परत फिरली. घरी येऊन तिनं खाटेच्या पायथ्याकडचा माझा हातभर तुकडा कापला, जुन्या दप्तराचं बकल काढलं आणि पुन्हा बाजार गाठून धर्मपाल चांभाराच्या पुढ्यात दोन्ही ठेवलं.

धर्मपालकाकानं मला दुमडून दुहेरी शिवण घातली. "पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजे, पोरी. नाही तर गळा सोलन. अन् हे वाढन, म्हणून सहा भोकं पाडून देतो." असा मी जन्मलो. अर्धा खाटेचा, अर्धा दप्तराचा.

रविवारी सकाळी दामिनीनं माळ काढून मला पहिल्या भोकावर बांधलं. "चिंधी बांधली कुत्र्याले," रामराव पुटपुटले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यात शेखर दोर घेऊन फाटकातून आत आला.

गुंड्या बसलेलाच होता. मग त्यानं एक पाऊल टाकलं आणि कान टवकारून थांबला. काहीच वाजलं नाही. दुसरं पाऊल. तरी काही नाही. तेवढ्यात वरून संत्र्याचं साल त्याच्या नाकावर पडलं आणि गुंड्या उठला तो थेट झाडाखालीच! असा भुंकला की वांदरांची सारी टोळी कुंपण ओलांडून पळाली. त्याच्या गळ्याची ती थरथर मी पहिल्यांदा अनुभवली. मित्रांनो, तो अभिमान अजून माझ्या शिवणीत आहे.

शेखर दोर उलगडत होता. रामराव म्हणाले, "चहा घे अन् जाय बापा. कुत्रं नाही भेटत."

त्या संध्याकाळी त्यांनी सर्जाची माळ स्वतः ट्रॅक्टरला बांधली. "याले कान नाहीत," एवढंच म्हणाले. पण मला कुणी शाबासकी दिली नाही. पुढची चार वर्षं मी चिखल खाल्ला, पाऊस खाल्ला, एकेक भोक पुढे सरकत गेलो. गुंड्याचं नाव शेजारच्या बगीच्यांत गाजलं. पट्ट्याकडे कोण बघतं?

परवा माझं सहावं भोकही कमी पडलं. दामिनी आता अमरावतीला शिकते. माझी जागा बहुतेक चुलीत, असं मी धरून चाललो होतो. पण रामरावांनी मला गुंड्याच्या गळ्यातून हळूच सोडवलं, धुतलं, वाळवलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि चांदूर बाजारला नेलं.

धर्मपालपुढे मला ठेवून ते म्हणाले, "असाच पाहिजे. घुंगरू नको. अन् दोन बोटं जागा सोडजो."

ज्यांनी मला चिंधी म्हटलं, त्यांनीच मला नमुना म्हणून पुढे केलं. आता मी सर्जाच्या माळेच्या रिकाम्या खुंटीवर असतो. मित्रांनो, तुमच्या मुक्या सोबत्यासाठी काही घ्याल तेव्हा आपली हौस थोडी बाजूला ठेवा आणि ते त्याला सोसतं का ते बघा. आणि आज घरी गेल्यावर त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहा. जात नसतील, तर आधी तेवढं सैल करा.