बुडालेल्या गावचं पुस्तक

“हसा जरा, बाबा. फोटो काढतायत,” चोलपोन त्याच्या कानाशी म्हणाली.

ओरमोशने ओठ ताणले. गावप्रमुखाने त्याच्या खांद्यांवर मखमली चपान, मानाचा लांब झगा, चढवला होता आणि डोक्यावर नवी पांढरी टोपी. हातात पुस्तक होते. निळ्या पुठ्ठ्यावर खाली त्याचे नाव आणि वर गावाचे, चोंगताल. या दिवसाची त्याने वीस वर्षे वाट पाहिली होती. पण आत काहीच हलले नाही. हिवाळ्यात बायको, कालिपा, गेली तेव्हापासून त्याचे असेच चालले होते. चहा पुढे आला की प्यायचा, कुणी बस म्हटले की बसायचे.

चोंगताल पन्नास वर्षांपूर्वी धरणात गेले. माणसे वरच्या उतारावर आली आणि नव्या वस्तीलाही त्यांनी तेच नाव दिले. ओरमोश इथल्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर आयुष्यभर कामाला होता. निवृत्त झाल्यावर त्याने वही लिहायला घेतली. कुणाचे घर कुठे होते, कुठल्या जर्दाळूची फळे आंबट, लग्नाच्या वरातीत कोण नदीत पडला. बेकेश म्हणायचा, “लिही, लिही. मग होडीत बसून माशांना वाचून दाखव.” बेकेश त्याचा लहानपणापासूनचा शेजारी, खालच्या गावातलाही आणि वरच्यातलाही.

सगळे लिहून झाले तरी एक प्रकरण काही लिहवेना. कालिपा गेल्याचा चाळिसावा दिवस झाला त्या दुपारी ते एका बैठकीत उतरले. मग त्याने वही मुलीच्या हवाली केली. चोलपोन बिश्केकला शाळेत शिकवते. टाइप करणे, छापखाना, सगळे तिनेच पाहिले.

भाषणे संपली, परातींतून मांस आले. बेकेश शेजारी टेकला.

“माझ्या बापाचं गाढव घातलंस का?”

“घातलंय. सत्ताविसाव्या पानावर.”

“आणि मी त्याच्यावरून पडलो ते?”

“तेही आहे.”

“मेल्या, ते कशाला घातलंस,” बेकेश म्हणाला आणि खुशीत पान शोधू लागला.

ओरमोशने आपले पुस्तक मागून उघडले. जर्दाळूची झाडे तोडली तिथे मजकूर संपत होता. पुढचे पान कोरे. पाने चिकटली असतील म्हणून त्याने अंगठा ओला करून पुन्हा पाहिले. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. चोलपोन कढईतून बोरसोक, पिठाचे तळलेले गोळे, काढत होती.

“शेवटचं प्रकरण कुठंय?”

तिने झारा खाली ठेवला. “मी काढलं.”

“का?”

“आईला कुठं पुरलंय बाबा आपण? मिरलानच्या शेजारी. तीच सांगून गेली, मला माझ्या लेकराजवळ ठेवा म्हणून. आणि आता अख्ख्या गावाला सांगायचं, की ती कबर रिकामी आहे?”



मिरलान त्यांचा पहिला मुलगा. गोवराने गेला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. खालच्या गावात, नदीच्या वळणावर पुरला होता. धरणाचे पाणी चढायच्या आधी, एका ठरल्या दिवशी, ज्याने त्याने आपापली पुरलेली माणसे वरच्या कबरस्तानात आणायची, असे ठरले. ओरमोशला नेमके त्याच दिवशी ट्रॅक्टर घेऊन विजेचे खांब ओढायला धाडले. तिसऱ्या दिवशी तो परतला तर वळण पाण्याखाली होते. कालिपा वरच्या वस्तीत तापाने पडली होती. त्याने वर एक हातभर खड्डा खणला, पांढऱ्या कापडात, अजून न बुडालेल्या जुन्या घराच्या अंगणातली माती बांधली आणि ती पुरली. घरी येऊन म्हणाला, “आणला.” कालिपाने विचारले, “हलका होता का फार?” तो “हो” म्हणाला. त्यानंतर दर ईदला ती तिथे बसायची.

“आईला कळलं नव्हतं ना?” चोलपोनने विचारले.

“नाही.”

“मग आता कुणाला सांगायचंय?”

“मला लिहायचं होतं,” एवढेच तो म्हणाला.

“लिहिलंत ना. मी वाचलं. पाच दिवस धड झोपले नाही मी. तेवढं पुरे नाही का?”

कढईतले बोरसोक करपू लागले होते. तिने ते घाईने काढले. ओरमोश बाहेर जाऊन आपल्या जागी बसला. पाहुणे जाताना एकेक पुस्तक घेऊन गेले, आणि त्याने प्रत्येकाचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरमोश उरलेला गठ्ठा घेऊन ओसरीवर उन्हात बसला. एकेक पुस्तक उघडायचे आणि शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायचे. वहीतल्यासारखे लांबलचक नाही. ‘माझा मुलगा मिरलान, वय अकरा महिने, खालीच राहिला. मी त्याला वर आणला नाही. त्याच्या आईला आणला म्हणून सांगितले. वरच्या कबरीत माती आहे.’ खाली सही. बोटे आखडली की तो थोडा थांबे.

चोलपोन चहा घेऊन आली. त्याच्या खांद्यावरून तिने वाचले.

“सगळ्यांत लिहिणार?”

“उरलीत तेवढ्यांत.”

“आणि काल गेली त्यांचं काय?”

“ती गेली.”

कप त्याच्या गुडघ्याशी ठेवून ती आत गेली.

उन्हे चढल्यावर बेकेश आला. त्याला मुलाकडे रशियात पाठवायला आणखी एक प्रत हवी होती. ओरमोशने नुकतेच लिहिलेले पुस्तक पुढे केले.

“मिटू नकोस. शाई ओली आहे.”

बेकेशने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. ओठ हलवत वाचले. परत वाचले. ओरमोशने कप उचलला. चहा निवला होता, तरी तो प्याला.

“येतो मी,” शेवटी बेकेश म्हणाला.

तो फाटकातून बाहेर पडला आणि चढणीच्या वाटेला लागला. पुस्तक त्याने दोन्ही तळहातांवर उघडेच धरले होते.