विमानातून उतरलेला डायनामो

मी एक डायनामो, तापीकाठी सारंगखेड्याच्या एका पत्र्याच्या छपरीत बसलेला. माझा जन्म विलायतेतला, तोही ऐन लढाईतला. आणि जन्माआधीच माझ्यावरून भांडण जुंपलं होतं.

कारखान्यात एक चष्मेवाली मड्डम होती आणि एक म्हातारा साहेब. मड्डम म्हणायची, "चोवीस व्होल्टच्या विजेला मनगटाएवढ्या तारा लागतात. विमान तांबं वाहायला आहे का? दाब एकशे दहा व्होल्ट केला, तर तेच काम बारीक तारेवर होईल." म्हातारा मान हलवायचा. "खाली होईल. वर हवा विरळ. तिथं एकदा ठिणगी पडली की विझत नाही."

"उडवून पाहू," मड्डम म्हणाली. त्या हट्टातून मी घडलो. तिनं स्वतःच्या हातानं माझं शेवटचं वेटोळं बसवलं. तो हात मला अजून आठवतो.

मला एका विमानात बसवून हिंदुस्थानात पाठवलं. एका हिवाळ्यात आम्ही सातपुड्यावरून खूप उंच उडत होतो. त्या कोरड्या, पातळ हवेत मला फिरताना दम लागला. माझ्यातली वीज बाहेर काढणारे कोळशाचे ब्रश खडूसारखे झिजू लागले. वैमानिकानं वीज तोडायला खटका ओढला, पण ठिणगी तुटेना. धूर कोंडला. म्हाताऱ्याचंच खरं झालं होतं.

खाली मोकळं मैदान दिसलं म्हणून वैमानिक तिकडे वळला. पण ते मोकळं नव्हतं. सारंगखेड्याची यात्रा उठत आली होती, तरी शे-दीडशे घोडे दावणीला होते. तिथं फत्तेसिंग नावाचा घोड्यांचा पारखी होता. विमान घिरट्या घालत खाली येतंय हे पाहून त्यानं घोडीवर मांड टाकली आणि दावणी कापत सुटला.

"घोडा हटाडा रे! इमान उतरी ऱ्हायनं!"

घोडे उधळले, माणसं पांगली, आणि आम्ही धुळीत पोट घासत थांबलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वैमानिक खाली उतरला आणि फत्तेसिंगच्या घोडीच्या मानेला मिठी मारून रडला.

पुढे लष्करी गाड्या येऊन विमान सुटं करून घेऊन गेल्या. "पुन्हा चोवीस व्होल्टच घ्यायचे," असं एक साहेब मला उपसून बाजूला टाकताना म्हणाला. वैमानिकानं मात्र मला आणि तारेच्या भेंडोळ्यांना मागून घेतलं आणि फत्तेसिंगला दिलं. वैमानिकाकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

फत्तेसिंगच्या मनात वेगळंच होतं. आदल्या पावसाळ्यात दिवेलागणीला पलीकडून येणारी नाव घाट चुकून खडकावर फुटली होती. त्यात त्याचा धाकटा भाऊ इंद्रसिंग गेला. घाटावर लांबून दिसेल असा दिवा त्याला हवा होता. त्याच्याकडे उसाच्या चरकाचं तेलाचं इंजिन होतं, पण ते घाटापासून लांब, मळ्यात.

गावातले दुकानदार माणकचंद शेठ म्हणाले, "फत्तेसिंगभाऊ, मोटारना डायनामो ल्या. बारा व्होल्ट शे. हात लागना तरी माणूस मरत नही."

"आनि तार?"

"तार जाडी लागी. नहीते उजेड घाटलोंग पोचाव नही."

"लढाईमा इतलं तांबं कोठे भेटी, शेठ?"

शेठनी तारेचं भेंडोळं उचलून पाहिलं. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "मंग हाऊच ल्या. पन जपीसन."

फत्तेसिंगची बायको तापीबाई मात्र दारात आडवी उभी राहिली. "हाई भूत कोनाले तरी मारी टाकी." शेवटी तिनंच अट घातली, "उंट खालतून जाई इतली उंच तार बांधा." तसे उंच बांबू रोवले गेले. विमानातलीच बारीक तार मळ्यापासून घाटापर्यंत गेली. शेठनी मुंबईहून माझे नवे ब्रश आणि एकशे दहा व्होल्टवर चालणारे जहाजाचे दिवे आणवले. इंजिन सुरू झालं, आणि या दाट, ओलसर हवेत मी किती सहज फिरलो म्हणून सांगू! घाटावर उजेड पडला तेव्हा फत्तेसिंग काठाशी गेला. पाण्याकडे बघत उभा राहिला.

श्रावणात तापी फुगली. तापीबाई नदीपलीकडे दोंडाईच्याला बहिणीला भेटायला गेली होती. परतताना संध्याकाळीच आभाळ काळवंडलं, आणि मधल्या धारेत नाव वाहवत चालली. नावाड्याला काठ दिसेना. फत्तेसिंगनं धावत येऊन इंजिनाचं हँडल मारलं. ओल धरल्यामुळे मी आधी तडतडलो. "फिर रे भाऊ, फिर," तो मला म्हणाला. मी जीव एकवटून फिरलो. दिवा पेटला आणि नावाड्यानं नाव वळवली.

ओलीचिंब तापीबाई घाटावरून थेट मळ्यात आली. पदर पिळून तिनं मला पुसलं. "थकना व्हशी रे बाबा," ती म्हणाली. मी थकलो का, हे विलायतेहून इथवर मला कुणी विचारलं नव्हतं.

आता लढाई संपून चार वर्षं झाली. माझी वेटोळी काळवंडली आहेत. रोज फिरणं झेपत नाही, म्हणून फत्तेसिंग मला फक्त पुराच्या दिवसांत चालवतो. त्या मड्डमला कुणी भेटलंच, तर एवढं सांगा, की वर मी हरलो, पण तुमची बारीक तार घाटापर्यंत पोचली.

बाहेर इंजिनाला तेल घालताहेत. पलीकडून नाव सुटली असावी. बोलणं इथंच थांबवतो. मला फिरायचं आहे.