उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आभाला सत्यजीत पसंत होता. अडचण होती ती बाबांची. दयाराम साळवे म्हणजे पनवेलच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच, निवृत्त मास्तर. त्यांच्या लेखी उपग्रह बनवणारा माणूस अर्धा नास्तिक ठरलेलाच. तरी एक्याण्णवच्या नाताळच्या रजेत मुलगा बंगळूरहून बघायला आला, तेव्हा आईने, दमयंतीबाईंनी, सोनाबाई कोळणीकडून पापलेट घेतलं.

"जावयासाठी हाय ना? मग मोठंच घ्या," सोनाबाई म्हणाली.

"अजून ठरलं नाही गं."

"खाल्ल्यावर ठरंल!"

ताटावर बसता बसताच बाबांनी विचारलं, "काय हो, इतकं वर पाठवता, देव कुठं भेटला का?"

"आम्ही नुसती यंत्रं जोडतो, काका. ती ज्या नियमांवर फिरतात, ते कुठं आमचे?"

बाबा "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे काठावर पास.

मग प्रार्थना. बाबा आदामापासून सुरू करत. नोहाची नाव टेकेपर्यंत भात गार. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेची गाडी मिसर देशात पोचते न पोचते तोच खुर्ची सरकली, काहीतरी गुरकावलं आणि धप्प!

बघतात तर सत्यजीत पापलेटची बशी उंच धरून उभा, आणि शेजारचा बोका खिडकीतून पसार.

"म्हणजे प्रार्थनेत तुमचे डोळे उघडे होते!" बाबा गरजले.

आभाला वाटलं, बोक्याने नेलं असतं तर बरं. मासाच गेला असता, नवरा तरी राहिला असता.

'बोक्याचा आवाज ऐकून डोळे उघडले,' असं म्हणाला असता तरी सुटला असता. पण तो म्हणाला, "होते, काका. हवा काढलेल्या टाकीत आम्ही उपग्रहाचे भाग तपासतो. तीन-तीन तास काट्यावरून नजर हलवायची नाही. एक चूक, की सगळ्यांची दोन वर्षं पाण्यात. भीती वाटते, म्हणून प्रार्थना करतो. डोळे मिटून कशी करू? तीच सवय लागली. आणि गेथशेमाने बागेत 'जागे राहा' सांगूनही शिष्यांनी डोळे मिटले, तेव्हा प्रभू कुठं खूश झाला होता?"

पण बाबा मास्तरच ते. "बरं, पण प्रार्थना चालली होती, की नुसती बोक्याची राखण?"

"चालली होती की!" आभा बोलून गेली. "ओठ हलत होते."

आणि तिने जीभ चावली.

बाबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा लावला.

"हिला बंगळूरलाच घेऊन जा, जावईबापू," ते म्हणाले. "इथं राहिली तर माझी अख्खी मंडळी बिघडवेल."