आबा पत्र्यावर चढले

अपेक्षाचं त्या दिवशी कशातच लक्ष लागत नव्हतं. बिडकीनजवळच्या एका कारखान्याच्या शेडवर ड्रोन उडवून गळक्या जागा शोधायच्या, एवढं साधं काम. पण त्याच शेडचे पत्रे बदलायला मालकानं बन्सीआबांना बोलावलं होतं, आणि आबा म्हणजे तिचे सख्खे वडील! 'आधी पोरगी तपासणार, मग तुम्ही चढायचं,' हे ऐकल्यापासून म्हातारा जो फुगला होता, तो चहालासुद्धा बोलेना.

आबांचं सगळं आयुष्य पत्र्यावर गेलेलं. पाना असो की ड्रिल, वाटेत पडलेलं अवजार ते कधी ओलांडायचे नाहीत. चुकून पाय लागलाच, तर हात लावून कपाळाला नेणार. खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा मांडायचे. गेल्या वर्षी अपेक्षानं हौसेनं आपला ड्रोन त्यांच्या शेजारी ठेवला, तर आबांनी उचलून बाजूला केला. "ते खेळणं इथं नको." तिला ते असं लागलं होतं की विचारू नका.

ड्रोन वर गेला. मालकानं अख्खं शेड चंदेरी रंगवून घेतलेलं, त्यामुळं सगळे पत्रे सारखेच दिसत होते. तिनं ड्रोन जरा खाली आणला, तर रंगात बारीक भेगा. लोखंड असं तडकत नाही! उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे होते ते, उन्हानं पापडासारखे झालेले. पाय पडला की माणूस थेट खाली, मशिनींवर.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात आबा दिसले. शिडी लावून चढलेसुद्धा! कमरेला दोर नाही, आणि चालले होते नेमके तिकडंच.

"आबा! थांबा!" ती बोंबलली. मशिनींचा हा धडधडाट, कुणाला ऐकू जातंय? फोन आबांनी खालीच पिशवीत ठेवलेला. तिनं ड्रोन त्यांच्या तोंडापुढं नेऊन डावी-उजवीकडं हलवला. आबांनी माशी हाकलावी तसा हात उडवला आणि पुढं निघाले. काय म्हणावं या माणसाला!

अपेक्षानं ड्रोन सरळ आबांच्या वाटेत, फायबरच्या अलीकडच्या पत्र्यावर उतरवला आणि पंखे बंद केले. घसरून फुटला तर फुटू दे.

आबांनी उचललेला पाय मागं घेतला. मग ड्रोन उचलायला वाकले. वाकल्यावर पुढच्या पत्र्यावरच्या भेगा दिसल्या. अंगठ्यानं जरा दाबलं, तर तुकडा निखळून खाली गेला. म्हातारा ड्रोन घेऊन आल्या पावली मागं फिरला.

उतरले तेव्हा ड्रोन रुमालात गुंडाळून छातीशी धरलेला. अपेक्षा रडत रडत त्यांच्यावर तुटून पडली. "एवढं हलवून सांगत होते, दिसलं नाय का तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग तवाच का नाय थांबलात?"

"वाटलं, पोरगी हुकूम सोडतीय. लई राग आला."

"आणि नंतर कशाला थांबलात?"

आबांनी ड्रोन तिच्या हातात दिला आणि त्याला लावलेला हात कपाळाला नेला.

"पायापुढंच येऊन बसला, मग काय करू? अवजार ओलांडतंय का कुणी?"