चेंबरमधली ताई

माझी ताई माझ्यापेक्षा चांगली गाते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला खोटारडी म्हणायला नको. ती चौदा वर्षं गाणं शिकली आहे. मी एक दिवससुद्धा नाही. तिचा स्वर जागचा हलत नाही, आणि श्वास कुठे घ्यायचा हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तरीही मामाच्या स्टुडिओत जे गाणं झालं त्यात पुढे आवाज माझा आहे. तो तिथे कसा पोचला तेच सांगते.

मामाचा स्टुडिओ म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत माईक, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, मध्ये जाड काच. रेकॉर्डिंग सुरू करायचं झालं की मामा फरशीवर टाच तीनदा आपटतो आणि खालचा लाँड्रीवाला शिव्या देत मशीन थांबवतो. मामाला माईक कळतात, गाणारे कळतात, पण कॉम्प्युटरवर प्लगिनची, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, खिडकी उघडली की तो चष्मा पुसायला लागतो. म्हणून गेलं वर्षभर मिक्सिंग माझ्याकडे आहे. वय पंधरा, अंगावर शाळेचा गणवेश, आणि तीस वर्षं या धंद्यात असलेला माणूस विचारतो, "दीडशहाणे, हे बरोबर वाटतंय का गं?" आधी मी घाबरून "हो मामा" म्हणायचे. आता म्हणते, "नाही. सरक."

तर एक दिग्दर्शक बाई आल्या. त्यांचा पहिला चित्रपट, त्यात पाच गाणी. मामाने ताईचं नाव पुढे केलं. ठरलं असं की पहिलं गाणं ताईने गायचं, ते पसंत पडलं तर पाचही तिची. ताई दातांच्या दवाखान्यात बसून पेशंटचे नंबर पुकारते. चौदा वर्षांच्या रियाजाचा उपयोग एवढाच, की "सत्तावीस नंबर" हे शब्द तिच्या तोंडून फार गोड वाटतात. तिने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात सांगून टाकलं, महिन्याभराने मी येणार नाही. मी म्हटलं, "अजून पसंत तरी पडू दे."

"पडेल," ताई म्हणाली. "तू नीट मिक्स कर म्हणजे झालं."

मी नीटच केलं. तिथेच तर सगळी गंमत आहे.

गाद्या लावलेल्या खोलीत गायलेला आवाज कोरडा येतो. कोणीतरी अगदी कानाशी तोंड आणून बोलतंय असा. त्याला मागे जागा द्यावी लागते. जुन्या मोठ्या स्टुडिओत त्यासाठी एक अख्खी रिकामी खोली असायची, गुळगुळीत भिंतींची. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक. गायकाचा आवाज स्पीकरमधून खोलीत सोडायचा, भिंतींवर आपटून आपटून जे उरेल ते माईकने गोळा करायचं आणि मूळ आवाजाच्या मागे हळूच मिसळायचं. त्या खोलीला चेंबर म्हणतात. आता तशा खोल्या प्लगिनमध्ये मिळतात. झाडायला नकोत, पुसायला नकोत.

मी आधी हॉल, म्हणजे मोठ्या सभागृहाचा घुमारा, लावून बघितला. ताई विमानतळावर सूचना देते आहे असं वाटलं. मग प्लेट, म्हणजे थरथरत्या पत्र्याचा घुमारा, लावली. तिचा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचायला लागला. मग चेंबरकडे वळले. एकूण अकरा खोल्या ऐकल्या. एक इतकी अंधारी की शब्द गिळायची, एक इतकी लांबलचक की दुसरी ओळ सुरू झाली तरी पहिली संपेना. मामा मागून म्हणाला, "खोली निवडायची तर गाणाऱ्याला बाहेर काढ. नुसती खोली ऐक."

ही मामाची जुनी पद्धत. एरवी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढला की आवाज जातो आणि त्याच्याबरोबर त्याची खोलीही जाते. पण सेंड, म्हणजे आवाजाची खोलीकडे जाणारी वाट, प्री-फेडर केला, फेडरच्या आधीच वळवला, तर फेडर कितीही खाली घ्या, आवाज खोलीत पोचतच राहतो. समोरचा माणूस जातो, मागची खोली राहते. मी तसं केलं. ताईचा फेडर तळाला नेला आणि ऐकलं. सातवी खोली. भिंती जवळ, पण अंगावर न येणाऱ्या. खालच्या स्वरांचा गढूळ भाग कापून टाकला, खोलीने उत्तर द्यायच्या आधी जराशी फट ठेवली, म्हणजे शब्द स्वच्छ राहतात. ताईच्या ओळींचे शेवट त्या खोलीत असे उतरत होते की मामाने चष्मा पुसला, आणि त्या वेळी समोर कुठलीही खिडकी उघडी नव्हती.

मग मी ताईचा फेडर वर आणला. सेंड मात्र परत पहिल्यासारखा केला नाही. विसरले.

दिग्दर्शक बाई चार वाजता आल्या. ताई दवाखान्यातून अर्धी सुट्टी काढून आली होती, सोफ्याच्या काठावर बसली होती. बाईंनी गाणं दोनदा ऐकलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण ही मुलगी फार शिकलेली वाटते. माझ्या चित्रपटातली पोरगी कपडे वाळत घालताना गुणगुणते. मला गाणारी नको."

"मी साधं गाऊ शकते," ताई म्हणाली. "ताना काढून टाकते."

"ताना नाहीतच गं यात. तुझा आवाजच ताठ बसतो. शाळेत पहिल्या बाकावरची मुलं बसतात ना, तसा."

मला हसू आलं. खरंच तसाच बसतो तिचा आवाज. ताईने माझ्याकडे बघितलं, म्हणून मी स्क्रीनकडे तोंड केलं आणि बाईंना म्हटलं, "खोली बदलून बघू का? अजून चार आहेत चांगल्या."

बाई माझ्याकडे वळल्या. "तू गातेस का गं?"

मी "नाही" म्हणू शकले असते. ते खरंही होतं. मी म्हटलं, "प्रयत्न करते."

"हिचा बोलायचा आवाज बघा," बाई मामाला म्हणाल्या. "हेच हवंय मला."

मामाने ताईकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मग टाच तीनदा आपटली.

मी आत गेले. हेडफोनमध्ये एका कानात वाद्यं, दुसऱ्या कानात ताईचं गाणं, म्हणजे मला शब्द न् शब्द तिच्या पावलावर पाऊल ठेवून गाता आला पाहिजे. पहिल्या दोन टेकमध्ये माझा दम ओळीच्या मध्येच संपला. मामा माईकवर म्हणाला, "हिला श्वास कळत नाहीये." आणि मग मागे वळून, "ताई, काचेपाशी उभी राहा आणि तिला दाखव जरा."

ताई काचेपाशी आली. प्रत्येक ओळीच्या आधी तिने हात वर केला, मी श्वास घेतला. हात खाली, मी गायले. सोळा ओळी. एकदाही तिचा हात उशिरा वर गेला नाही. मी तिच्या जागी असते तर एकदा तरी मुद्दाम उशीर केला असता.

बाहेर येऊन मी घाईघाईत ताईचा फेडर तळाला ओढला, माझा वर केला आणि लावलं. बाईंनी डोळे मिटले. शेवटची ओळ विरल्यावरही मिटलेलेच ठेवले.

"ही एकटी आहे," त्या म्हणाल्या, "पण हिच्या मागे कोणीतरी आहे असं वाटतं. या मिक्सला हात लावू नका. पाचही गाणी हीच गाईल."

ताई म्हणाली, "छान गायलीस." आणि पर्स उचलून गेली. अर्ध्या सुट्टीचा अर्धा तास अजून शिल्लक होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फाईल आवरायला बसले. बघते तर चेंबरचा मीटर नाचतोय आणि माझ्या ट्रॅकवरून चेंबरला काही जातच नाहीये. मी माझा आवाज खोलीत पाठवलाच नव्हता. मग आत कोण आहे? क्षणभर अंगावर काटा आला, आणि मग ताईच्या ट्रॅकवरचा सेंड दिसला. प्री-फेडर. पुढे मी कोरडी, मागे खोलीत ताई.

मी लगेच दुरुस्त केलं. ताईला बंद केलं, स्वतःला त्याच खोलीत, तेवढ्याच मापाने पाठवलं आणि ऐकलं. शाळेतली एक मुलगी न्हाणीघरात गात होती. ओळ संपली की मी स्वर टाकून देते, टॉवेल टाकावा तसा, आणि खोलीला धरायला काही उरत नाही. बारा मिनिटं बटणांशी झटले. मग सगळं होतं तसं केलं आणि मामाला सांगितलं.

मामाने पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. बाईंना जे आवडलं ते आवडलं."

"आणि ताईला?"

"ती ऐकणार आहे का परत?"

मला वाईट वाटायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर मी घरी जाताना सगळ्या रस्ताभर ते गाणं गुणगुणत होते.

ताईला मीच ऐकवलं. ती तिची गाण्याची वही न्यायला आली होती, मामा कोपऱ्यात वायरी गुंडाळत बसला होता, आणि मला तिच्या तोंडून एकदा शाबासकी हवी होती, बाईंसमोर दिली तसली नको, खरी. ती उभ्या उभ्याच ऐकत होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत मान हलवत होती. मग मान थांबली.

"मागे घे," ती म्हणाली. मी घेतलं. "ओळीचा शेवट तू सोडून देतेस. मग हा स्वर खाली कोण उतरवतंय?"

मी माऊस उगाच इकडेतिकडे सरकवला.

"मी आहे ना ही?"

"खोलीत थोडीशी," मी म्हटलं. "चुकून राहिलीस."

"काढ मला."

"काढलं तर गाणं पडतं. करून बघितलं मी."

"पडू दे."

"तुझं काय जातंय पडू दे म्हणायला."

"कानामागून आली आणि तिखट झाली," ताई म्हणाली, पण मामाकडे बघून. मामा वायर गुंडाळत राहिला.

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे?" मी म्हटलं. "श्वास तूच दाखवलेस. नव्हते दाखवायचे."

हे बोलायला नको होतं. पण ते इतकं नेमकं बसलं की मला आतून बरं वाटलं. ताईने वही छातीशी धरली.

"मग माझं नाव तरी घाला," ती म्हणाली. "तिच्या खाली. लहान अक्षरात."

"अगं, खोलीचं नाव कोणी घालतं का?" मामा म्हणाला आणि हसला. तो दुष्टपणे हसला नाही, त्याला खरंच ते गमतीचं वाटलं. मलाही वाटलं, मीही हसले. ताई आमच्या दोघांचं हसून संपेपर्यंत थांबली, चप्पल घातली आणि गेली. दार तिने हळू लावलं. स्टुडिओत वाढलेल्यांना दार आपटता येत नाही.

पण गाणी अजून चार होती. महिन्याभराने बाईंचा निरोप आला, दुसरंही अगदी तसंच हवं. मामाने दोन दिवस मला एकटीला गायला लावलं, चेंबर बदलून बघितले, माझा आवाज दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवून बघितला. न्हाणीघर काही सुटेना. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर ताईला फोन लावला.

"अगं, दुपारी जरा ये. तासाभराचं काम आहे." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. मग म्हणाला, "दवाखान्यात नवीन मुलगी ठेवली ना त्यांनी? मग आता घरी बसून तरी काय करतेस."

ताई आली. मला वाटलं होतं येणार नाही, आणि मी असते तर आले नसते. साडेतीन वाजता दार उघडलं, तिने आमच्याकडे न बघता गाण्याचा कागद उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. आता क्रम असा ठरला होता: आधी ती पूर्ण गाणार, मग तिच्यावर मी.

पहिला टेक तिने असा दिला, की खुर्चीत माझी पाठ आपोआप सरळ झाली. तिने तो मला ऐकवायला गायला होता. मला उत्तर म्हणून. मी तो ठेवून दिला असता, जगातल्या कोणीही ठेवला असता. मी बोलायचं बटण दाबलं.

"ताई, छान आहे. पण एवढा जीव ओतू नकोस, वाया जाईल. ओळींचे शेवट तेवढे धर. बाकीचं ऐकूच येणार नाही."

काचेपलीकडे तिने कागद पुढ्यात ओढला. मामाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली, स्वतःच्या नखांकडे.

"कोणत्या ओळींचे?" तिने विचारलं. आवाज एकदम साधा होता. बाईंना हवा होता ना, तसा.

"सगळ्या."

तिने स्टँडवरची पेन्सिल घेतली आणि कागदावर प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारत गेली, वरपासून खालपर्यंत, घाई न करता. मग पेन्सिल जागेवर ठेवली, हेडफोन नीट बसवला आणि तयार आहे म्हणून मान हलवली.