कमरेच्या उंचीवर

सहादेव मिस्त्रीने प्लायच्या पाठीला अर्ध्या अर्ध्या इंचावर करवतीच्या चिरा पाडल्या, वर ओलं फडकं फिरवलं आणि तो तुकडा लाकडी सांगाड्यावर हळूहळू दाबत नेला. प्लाय कुरकुरला, पण तुटला नाही. अभिनवने कागदावर काढून दिली होती तशी गोलाई हॉलमधल्या बारला आली.

"बाबा बघायला आले का?" संध्याकाळी ऑफिसातून येताच अभिनवने विचारलं.

"नाही साहेब. चहापण आतच घेतात."

"रागावलेत. घरात बार नको असणार. तोंडाने बोलणार नाहीत."

सहादेवने भुसा झाडायला घेतला.

अभिनवच्या बाबांची, दशरथरावांची नजर दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने गेली होती. कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे. भिंतीला तळवा लावून ते रोज आपल्या खोलीपासून बाल्कनीतल्या खुर्चीपर्यंत जात. त्या तळव्याने रंगावर कमरेएवढ्या उंचीवर काळपट पट्टा उमटला होता.

सांगाडा उभा केला त्या दिवशी ते असेच आले. मध्येच, सांगाड्यापाशी, भिंत संपली. हात हवेत चाचपडला आणि गुडघा लाकडावर आपटला.

"काका, धरू का?" सहादेवने विचारलं होतं.

"नको. आणि पोराला सांगू नका. हौसेने करतोय."

ते मागे वळले, ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

शनिवारी काम संपलं. काशीमीऱ्याहून आणलेला पितळी पाईप बघून अभिनव ओरडलाच.

"मिस्त्री, हा पाय ठेवायला होता! कमरेला लावलात? इथे काय सर्कसवाले येणार आहेत प्यायला?"

"माप बरोबर आहे साहेब."

"कसलं बरोबर? द्या तो स्क्रू ड्रायव्हर."

अभिनव बाल्कनीकडच्या टोकाला उकिडवा बसला आणि स्क्रू काढू लागला. सहादेवने दशरथरावांच्या खोलीचं बंद दार वाजवून उघडलं.

"काका, काम झालं. चहा बाल्कनीत घेताय ना?"

दशरथराव निघाले. तळवा पट्ट्यावरून सरकत आला. भिंत संपली तिथे थांबला. मग बोटांना पितळ लागलं. पट्टा संपत होता त्याच उंचीवर.

त्यांनी पाईप मुठीत धरून हलवून पाहिला.

"पक्का आहे का हो?"

"दोन माणसं लटकतील, काका."

"लटकतील कसली! पिऊन पडतील." ते हसले. "अभिनव आला का? त्याला म्हणावं, छान झालंय. गोल झालंय एकदम."

गोलाईवरून हात पुढे येत होता. अभिनवच्या मुठीत दोन स्क्रू होते, आणि त्याच्याकडचं टोक सुटं झालं होतं.

त्याने स्क्रू खिशात टाकले. दोन्ही हातांनी पाईप घट्ट धरला आणि बाबा पलीकडे जाईपर्यंत श्वास रोखून बसून राहिला.