एसीच्या वाऱ्यात बसवलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे आणि मला राग आलेला आहे. माझ्यावर भाजी तोलत नाहीत की सोनं. मी बंदुकीची दारू तोलतो. एका टोकाला बोटभर ताटली आणि तिच्या पलीकडे खुणांची पितळी दांडी, एवढंच माझं अंग. कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात मला घडवलं आणि खोक्यात घालून कतारला पाठवलं.

दोहाबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात काडतुसं भरायची छोटी खोली होती. तिथे शहजादमामूंनी मला एकवीस वर्षं वापरलं. मामू मूळचे रत्नागिरीकडचे. रायफलींची झाडलेली, रिकामी पितळी काडतुसं गोळा करून ती पुन्हा भरायची, हे त्यांचं काम. खोलीत शिरले की ते आधी एसी बंद करत. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत घामाच्या धारा, तरी एसी बंदच. कारण माझी दांडी फुंकरीनंही हलते. मोबाईल बाहेर राहायचा, दार लावलेलं असायचं. काम संपलं की माझी ताटली मऊ फडक्यानं पुसूनच ते मला जागेवर ठेवत. "ह्याचं ऐकलं तर माणसाचा डोळा शाबूत राहतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एवढं कौतुक मला पुरत होतं.

आणि मग आला अम्मार! मामूंचा सख्खा भाचा. दोहातल्या अबू हमूरला राहायचा, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचा. त्याची सोळा वर्षांची मुलगी इनाया क्लबात रायफल शिकत होती. तिची पहिली स्पर्धा जवळ आली, तसा ह्या गृहस्थांना उमाळा आला. विकतची काडतुसं कशाला, बापाच्या हातची असली की पोरीचा नेम चांगला बसेल! मामूंना काम करताना ह्यानं उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. मामू रजेवर गावी गेले होते. जाताना त्यांनी भाच्याकडे विश्वासानं किल्ल्या दिल्या होत्या. ह्यानं मला, काडतुसं भरायच्या हातदाबाला आणि दारूच्या डब्याला गाडीत घातलं आणि सरळ घरी नेलं. त्या खोलीबाहेर हे काम करायला क्लबाची सक्त मनाई होती, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी नमाज झाली, जेवणं झाली आणि त्यानं मला जेवणाच्याच टेबलावर मांडलं. डोक्यावर एसी घोंघावत होता.

"मामू तर एसी बंद करतात. तुम्हीच सांगितलं होतं ना?" त्याची बायको बिलकिस म्हणाली.

"ह्या उकाड्यात? शिजून मरायचं हाय काय?"

वारा माझ्या दांडीवर बसला आणि ताटली वर उचलली गेली. अम्मारला वाटलं, दारू कमी पडली. त्यानं आणखी घातली. मी थरथरत होतो, पण मला ओरडायला तोंड कुठे आहे? दोन काडतुसं अशी भरून झाल्यावर तो वैतागला आणि म्हणाला, "काटाच बिघडलाय." नाचता येईना, अंगण वाकडं! एकवीस वर्षांत मी एकदाही खोटं बोललो नव्हतो. ह्या माणसानं ते मला एका दुपारी बोलायला लावलं.

"आमचे अब्बा गावाला ठासणीची बंदूक बोटांनी मापून भरायचे," तो बिलकिसला ऐकवत होता. "चार बोटं बार ठासला की डुक्कर आडवा. त्यांनी कुठं काटा लावला होता?"

अरे शहाण्या, ती ठासणीची बंदूक वेगळी, तिची काळी दारू वेगळी आणि ही रायफल वेगळी! पण ऐकतो कोण? उरलेली अठरा काडतुसं त्यानं चमच्यानं, नुसत्या नजरेच्या अंदाजानं भरली. सगळी सारखीच चकचकत होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यानं मला गुपचूप क्लबातल्या खोलीच्या कपाटात परत ठेवलं. मामू आदल्याच दिवशी गावाहून आले होते. त्यांनी मला बाहेर काढलं आणि ताटलीत बोट फिरवलं. बोटाला दारूचे कण लागले. त्यांनी भाच्याला खोलीत बोलावून घेतलं. पाठोपाठ इनायाही आली आणि दारात उभी राहिली.

"मी ताटली पुसल्याशिवाय ठेवत नाय. कुठं नेला होतास ह्याला?"

अम्मारनं वीस काडतुसांचा डबा पुढे केला.

"ह्यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? जे तू बिनघोर पोरीच्या हातात देशील?"

अम्मारनं पहिल्या खान्यातलं उचललं. "हे, मामू. हे काट्यावर तोललेलं हाय."

मामूंनी एसी बंद केला. थोडा वेळ थांबून त्यांनी ते काडतूस उघडलं आणि आतली दारू माझ्या ताटलीत ओतली. मी खाडकन खाली बसलो. दारू मापाच्या कितीतरी वर होती. एवढ्या दारूनं रायफल तोंडावरच फुटते. इनायानं हात गालावर ठेवला.

"अब्बा, रायफल इथं टेकलेली असते. दॅट्स माय फेस."

"मी तर तुझ्यासाठीच..." अम्मार म्हणाला.

मामूंनी वीसच्या वीस काडतुसं स्वतः मोकळी केली. मग क्लबाच्या ऑफिसात जाऊन झालेलं सगळं त्यांनी आपल्याच तोंडानं सांगितलं. नियम मोडला म्हणून क्लबानं खोलीला कुलूप लावलं. एकवीस वर्षांचं काम खलास! इनायानं विकतची काडतुसं झाडली. तिचा नववा नंबर आला. मी आता मामूंच्या अल खोरच्या घरी, कपाटावर बुटांच्या खोक्यात पडून असतो.

मित्रांनो, नवशिक्यानं घरी काडतुसं भरावीत का, असं कुणी विचारलं तर माझ्या वतीनं ठणकावून सांगा, नको! ज्याला काम येतं त्याच्या हाताखाली, त्याच्या खोलीत वर्षानुवर्षं शिका, आणि तो एसी बंद करत असेल तर तुम्हीही करा. घाम पुसता येतो. मला पुसायला विसरलात तरी चालेल, पण मी काय सांगतो ते ऐकून घ्या.

इनाया अजून स्पर्धांना जाते, अम्मारच तिला गाडीनं सोडतो. परवा बिलकिस इथे आली होती, ती मामूंना हळूच सांगत होती. अब्बानं हातात दिलेली पाण्याची बाटलीसुद्धा पोर आता आधी उघडून बघते आणि मगच तोंडाला लावते.